फ्रीजर वर, खाली की शेजारी? फ्रीज घेण्याआधी हे बघा

लिटर, इन्व्हर्टर कंप्रेसर वगैरे वाचून झालंय असं धरून चालतो. मला वाटतं खरा प्रश्न एकच, फ्रीजर कुठे पाहिजे.

आमच्याकडे आधी नेहमीचा डबल डोअर होता, फ्रीजर वर. कूलिंग एकदम छान. पण भाजीचा ट्रे सगळ्यात खाली आणि आपल्या स्वयंपाकात त्या ट्रेशिवाय पान हलत नाही. पोह्यांना मिरची कढीपत्ता, आमटीला टोमॅटो, वरून कोथिंबीर, जेवायला बसलं की लिंबू. दरवेळी कमरेत वाका, ट्रे ओढा, पिशव्या चाचपा, तोवर दार उघडंच आणि इकडे फोडणी जळायला लागलेली. आठवड्याची भाजी आणली की तर जमिनीवर बसूनच भरायची. आणि सगळ्यात सोयीच्या उंचीवर फ्रीजर, जो आम्ही ओलं खोबरं, मटार आणि उन्हाळ्यात बर्फ एवढ्यासाठीच उघडतो. हे इतकं खुपायला लागलं की नवीन बघताना मी बाकी फीचर्स विचारलीच नाहीत.

साइड बाय साइड दिसतो भारी, फ्रीजरही मोठा, मासे-मटण जास्त साठवणाऱ्या घराला बरा पडत असेल. पण रुंदी उभी विभागलेली, म्हणून कप्पे अरुंद. बहिणीकडे आहे, तिथे दुधाचं मोठं पातेलं ठेवायचं तर आधी दोन डबे बाहेर काढावे लागतात. शिवाय जवळजवळ तीन फूट रुंद असतो, जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आणि किचनचं दार आधी मोजा.

एकट्या-दुकट्याला सिंगल डोअर अजूनही चांगला. तो बहुतेक डायरेक्ट कूल असतो, म्हणजे त्यात गार हवा पंख्याने फिरवत नाहीत, त्यामुळे मळलेली कणीक कमी सुकते, फक्त बर्फ साचला की डीफ्रॉस्ट करावं लागतं. एक मात्र लक्षात ठेवा, डायरेक्ट कूल आणि फ्रॉस्ट फ्री (पंख्याने हवा फिरवणारे, ज्यात बर्फ साचत नाही) यांचे वीजबचतीचे स्टार वेगवेगळ्या हिशोबाने देतात, तेव्हा दोघांचे स्टार एकमेकांशी न लावता लेबलवरचे विजेचे वर्षाचे युनिट बघा.

आम्ही शेवटी खाली फ्रीजरवाला घेतला. भाजी कमरेच्या आसपास, दूध-दही डोळ्यांसमोर, आणि सकाळच्या डब्याच्या घाईत हा फरक मला तरी फार मोठा वाटतो. मॉडेल्स कमी मिळतात, तेवढ्याच लिटरला पैसे थोडे जास्त पडले आणि फ्रीजरच्या खोल खणात तळाशी ठेवलेलं विसरायला होतं, हे खरंय. तुमच्याकडे रोज फ्रोझन काहीतरी लागत असेल तर वरचाच सोयीचा पडेल. नाहीतर माझं मत खालच्याला.

शोरूममध्ये दार फक्त काटकोनापर्यंत उघडून भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येतो का ते बघा, कारण फ्रीज भिंतीला लागून असेल तर घरी दार जेमतेम तेवढंच उघडतं.