हाय-हॅट खऱ्या स्टँडवरचा घ्यावा की वेगळ्या पेडलचा?

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटवर क्रॅश आणि राइड हे सिंबल (झांजा) जोडताना फारसे डोके खपवावे लागत नाही. केबल स्टिरिओ असावी, मॉड्यूलमध्ये, म्हणजे आवाज काढणाऱ्या पेटीत, पॅडचा प्रकार योग्य निवडावा आणि संवेदनशीलता आपल्या हाताला जुळवून घ्यावी, एवढे पुरते. केबल चुकून मोनो लावली, तर कडेचा आवाज आणि सिंबल हाताने पकडून थांबवण्याची सोय या दोन्ही गोष्टी नाहीशा होतात आणि आपण उगाच सिंबलला नावे ठेवतो. हाय-हॅटचे, म्हणजे पायाने उघडता-मिटता येणाऱ्या सिंबलचे, प्रकरण वेगळे आहे. तिथे हाताइतकाच पायही वाजवत असतो, आणि पाय या क्षणी कुठे आहे हे मॉड्यूलला कसे कळवायचे, याची दोन उत्तरे बाजारात मिळतात. ही दोन्ही उत्तरे मी ठाण्यातल्या माझ्या घरात, आळीपाळीने आणि स्वतःच्या खर्चाने, वापरून पाहिली आहेत.

पहिल्या पद्धतीत ध्वनिक किटचा असतो तसा स्प्रिंग आणि रॉड असलेला स्टँड घ्यायचा, रॉडवर रबरी सिंबल क्लचने (आवळता येणाऱ्या पकडीने) अडकवायचा आणि त्याच्या खाली बसणारा सेन्सर सिंबलची उंची मोजत राहतो. दुसऱ्या पद्धतीत सिंबल रॅकवर, म्हणजे किटच्या चौकटीवर, पक्का बसतो आणि जमिनीवर एक सुटे पेडल असते. पाय दाबला तरी वर काहीच हलत नाही, फक्त मॉड्यूलला तो दाब कळतो. रोलँड कंपनीने 2018 मध्ये टीडी-17 ही किटची मालिका आणली, तेव्हा वरच्या संचात स्टँडवर बसणारा व्हीएच-10 दिला आणि त्याखालच्या संचात एफडी-9 हे पेडल दिले. मॉड्यूल तेच होते, म्हणजे हा फरक मॉड्यूलच्या कुवतीचा नव्हे. माझ्याकडची साधने कोणत्या कंपनीची, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जी कुरकुर केली आहे ती पद्धतीविषयी आहे.

पायाखालच्या अनुभवात स्टँड सरस आहे, हे आधीच मान्य करतो. स्प्रिंगचा ताण, सिंबल खाली येऊन टेकल्याचा तो बारीक धक्का, उघड्या हाय-हॅटवर काठी मारल्यावर त्याचे डोलणे, या सर्व गोष्टी ध्वनिक किटवर शिकलेल्या पायाला आणि डोळ्याला ओळखीच्या वाटतात. अर्धा उघडा हाय-हॅट धरून ठेवणेही तिथे सोपे जाते, कारण पायाला फिरायला जागा जास्त मिळते. सुट्या पेडलवर तीच गोष्ट थोडक्या अंतरात उरकावी लागते आणि पहिले काही आठवडे एक तर पूर्ण बंद नाही तर पूर्ण उघडा, असाच ठेका निघतो. शिवाय स्टँड रॅकपासून वेगळा उभा असल्याने टॉम या ड्रमवर मारलेल्या फटक्याची कंपने हाय-हॅटपर्यंत पोहोचत नाहीत. रॅकवरच्या पक्क्या पॅडबाबत मला क्रॉसटॉकचे (एकावर मारले की दुसरेही वाजण्याचे) सेटिंग दोन-तीन वेळा वर-खाली करावे लागले, तेव्हा कुठे टॉमबरोबर हाय-हॅटने मारलेली आगंतुक टिचकी थांबली.

जोडणीचा भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे: एक केबल पॅडची, दुसरी पायाच्या नियंत्रणाची. मॉड्यूलमधून मिडी (वाद्ये आणि संगणक यांच्यातली संकेतभाषा) बाहेर काढली, तर बंद हाय-हॅटचा स्वर 42, पायाने मिटल्याचा 44 आणि उघड्याचा 46 या क्रमांकावर जातो, तर मधल्या सगळ्या छटा कंट्रोल चेंज 4 या संकेतावरून 0 ते 127 या आकड्यांत धावतात. एका पद्धतीतून दुसरीत जाताना मॉड्यूलमधला हाय-हॅटचा प्रकार बदलायला विसरू नये. मी विसरलो होतो, आणि हाय-हॅट मिटतच नाही म्हणून एक अख्खी संध्याकाळ केबल बदलण्यात घालवली होती.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिने माझ्यापुरता निकाल लावला. स्टँडवरच्या हाय-हॅटला ऑफसेट लावावा लागतो. सेन्सरला केवळ उंची कळते; कोणत्या उंचीला ‘बंद’ म्हणायचे, हे आपण सांगायचे असते. त्यासाठी क्लच सैल करून सिंबल स्वतःच्या वजनाने सेन्सरवर टेकू द्यायचा, मॉड्यूलच्या पडद्यावरची खूण मध्यावर येईपर्यंत आकडा फिरवायचा, मग सिंबल उचलून बोटभर फट ठेवून क्लच घट्ट करायचा. माहितीपुस्तिकेत हे चार ओळींत आटोपते आणि दुकानात विक्रेता एका मिनिटात करूनही दाखवतो. अडचण अशी की हे जुळवणे एकदा करून संपत नाही. रॉड किंचित तिरका झाला, स्टँडचा एक पाय फरशीवर थोडा सरकला, क्लच आवळताना सिंबल एका बाजूला कलला, की बंद हाय-हॅटचा कोरडा ‘चिक’ जाऊन त्या जागी एक ओलसर ‘स्स’ ऐकू येऊ लागतो. ऐकणाऱ्याच्या कदाचित लक्षातही येणार नाही, पण वाजवणाऱ्याला तो प्रत्येक मात्रेला टोचतो.

ज्यांचे किट एका खोलीत कायमचे उभे असते, त्यांना हे सोसण्यासारखे असावे. आमच्याकडे दिवाणखाना एकच आहे. रात्रीची जेवणे आणि आईची मालिका आटोपल्यावर किट खिडकीपाशी उभे राहते आणि साडेदहाच्या आत दिवाणामागे जाते. रॅक घडी होऊन जातो, पण हाय-हॅटचा स्टँड मिटवला की रॉड, क्लच आणि सेन्सर सुटे होतात, आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफसेट पुन्हा पहिल्यापासून. सरावाला जेमतेम पाऊण तास, आणि त्यातली दहा-दहा मिनिटे मी सैल क्लच हातात धरून मॉड्यूलच्या त्या लहानशा पडद्याकडे बघत काढत असे. मी घड्याळ लावून मोजलेले नाही; पण चिडचिड किती होत होती, ते घरच्यांना विचारल्यास कळेल.

त्यावर कळस झाला तो घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलातल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात. मंच लाकडी फळ्यांचा होता आणि निवेदक माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत असताना मी घाईघाईने ऑफसेट लावला. पहिल्याच गाण्यात समूहनृत्याची मुले उड्या मारू लागली, तशा फळ्या दबल्या, स्टँड हलला आणि हाय-हॅट गाणे संपेपर्यंत अर्धवट उघडा राहिला. मध्यंतरात आमच्या ऑक्टोपॅडवाल्या मित्राने गाडीतून त्याचे जुने पेडल आणि एक पॅड आणून दिला. दोन केबली लावल्या, मॉड्यूलमध्ये प्रकार बदलला, आणि उरलेला कार्यक्रम मी एकदाही पडद्याकडे न बघता वाजवला. ते पेडल मी महिनाभराच्या बोलीवर घरी आणले आणि नंतर विकतच घेतले.

पेडलालाही खोडी आहेत. आमच्या घरातल्या गुळगुळीत विट्रिफाइड फरशीवर ते प्रत्येक ठेक्यासरशी केसभर पुढे सरकते, आणि दोन गाण्यांनंतर आपण पाय ताणून वाजवत आहोत असे लक्षात येते. सतरंजीने भागले नाही. खाली रबरी चटई घातली आणि पेडल वेल्क्रोच्या पट्टीने तिला बांधले, तेव्हा ते जागेवर राहिले. पायाने हाय-हॅट क्षणभर मिटून लगेच उघडण्याची जी लकब असते, ती त्यावर दहांत सहा वेळा साधते, स्टँडवर नऊ वेळा साधत असे. जॅझकडे किंवा पायाच्या बारीक कामाकडे ज्यांचा ओढा आहे, त्यांनी हा फरक हलका मानू नये. मी बहुतेक चित्रपटगीते आणि कोळीगीते वाजवतो, त्यात माझे अडत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न दोन्हीकडे आहे, त्यामुळे त्यावर निर्णय अवलंबून ठेवू नये असे मला वाटते. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा जिन्यात थांबवून सांगितले, ‘‘अहो, तुमचं गाणं काही ऐकू येत नाही, नुसता पाय ऐकू येतो.’’ हेडफोनमुळे मला नेमके उलटे वाटत होते. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेल्या चौथऱ्यावर किट ठेवल्यावर त्यांची तक्रार बरीच ओसरली. माझ्या अंदाजाने त्यावर पेडलचा धपका स्टँडपेक्षा थोडा कमी उतरतो. मात्र हा अंदाज काकांच्या चेहऱ्यावरून बांधलेला आहे. एक फरक नक्की आहे: स्टँडची पसरलेली तिपाई आणि बास ड्रमचे पेडल यांची त्या चौथऱ्यावर जागेसाठी ओढाताण होते, आणि सुटे पेडल मात्र कोपऱ्यात कुठेही मावते. रिक्षातून नेताना काय सोयीचे पडते, ते वेगळे सांगायला नको.

तेव्हा ज्यांच्याकडे किटसाठी स्वतंत्र खोली आहे आणि जे महिनोन्महिने ते हलवणार नाहीत, त्यांनी स्टँडवरचा हाय-हॅट अवश्य घ्यावा. माझा जुना हाय-हॅट कळव्याच्या एका मित्राच्या तालमीच्या खोलीत तसा उभा आहे आणि तिथे तो खरोखर सुरेख वाजतो. ज्यांचे किट रोज उभे राहते आणि रोज मिटते, त्यांनी आधी सुट्या पेडलचा विचार करावा, असे नम्रपणे सुचवतो. तरीही स्टँडकडेच मन ओढत असेल, तर दुकानात आधीच जुळवून ठेवलेल्या हाय-हॅटवर वाजवून समाधान मानू नये. विक्रेत्याला तो पूर्ण सुटा करायला सांगावा, मग स्वतःच्या हाताने उभा करून ऑफसेट लावावा, आणि हे लागोपाठ तीनदा करावे.