'टायटन' मागवण्याआधी आतलं पान बघा

'टायटॅनिकच्या चौदा वर्षं आधी लिहिलेली कादंबरी' अशी जाहिरात करून मॉर्गन रॉबर्टसनचं 'द रेक ऑफ द टायटन' ऑनलाइन विकलं जातं. त्यात 'टायटन' नावाचं अवाढव्य जहाज हिमनगावर आपटून बुडतं, म्हणून ते टायटॅनिकचं भाकीत म्हणून गाजलं. पुण्यात ते सहज घरपोच येतं. पण टायटॅनिकच्या आधी नेमकं काय लिहिलं होतं हे बघायला लोक ते मागवतात, आणि त्या कामाला ही स्वस्त पेपरबॅक बहुतेक वेळा येत नाही. कादंबरी १८९८ साली 'फ्युटिलिटी' या नावानं निघाली होती. १५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाली आणि त्याच वर्षी ती नव्या नावानं, आकडे फिरवून पुन्हा बाजारात आली. जुनी पुस्तकं फुकट देणाऱ्या 'गुटेनबर्ग प्रकल्प' या संकेतस्थळावर मिळतो तो हा फिरवलेला मजकूर, आणि स्वस्तात छापणारे तोच उचलतात. मुखपृष्ठावर टायटॅनिकचाच फोटो असला तरी हरकत नाही, पण आत १९१२ आणि पाठीवर १८९८ ही मात्र सरळ फसवणूक झाली.

तपासायला एक मिनिट लागतं. नमुना पानं दिसत असतील तर पहिल्याच प्रकरणात जहाजाचं वर्णन काढा. पंचेचाळीस हजार टन आणि चाळीस हजार अश्वशक्ती असेल तर मजकूर मूळचा. सत्तर हजार आणि पंच्याहत्तर हजार असेल तर १९१२ नंतरचा. पानं दिसत नसतील तर नावावरून ओळखा: शीर्षकात 'टायटन' असलेली प्रत जवळजवळ नक्की दुसरी. पुस्तक जाड आहे म्हणून ते पूर्ण आहे असंही समजू नका. गुटेनबर्गच्या मजकुरात लेखकाच्या आणखी तीन कथा आहेत, जाडी त्यांची.

आता जुळणी. टायटनची लांबी ८०० फूट, टायटॅनिकची ८८२ फूट ९ इंच. जीवरक्षक बोटी २४ आणि २०. दोन्ही अपघात उत्तर अटलांटिकमध्ये, एप्रिलात, हिमनगावर, उजव्या बाजूनं. इथवर अंगावर काटा येतो. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यात टायटनच्या ४५,००० टनांसमोर टायटॅनिकचे ४६,३२८ टन मांडलेले असतात, आणि तिथे गडबड आहे. पहिला आकडा विस्थापनाचा, म्हणजे जहाजानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा. दुसरा ग्रॉस टनेजचा, तो वजनाचा नसून आतल्या जागेचा, १०० घनफुटांना एक टन या हिशेबानं. टायटॅनिकचं विस्थापन सुमारे ५२,३१० टन होतं. बुडण्याची तऱ्हाही वेगळी. टायटन हिमनगाच्या उतारावर चढते, आडवी होते आणि झटक्यात संपते. टायटॅनिकला बुडायला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

राहिलं ते साम्य धंद्याच्या माहितीतून आलेलं आहे. रॉबर्टसन स्वतः व्यापारी जहाजांवर काम केलेला खलाशी. ६९२ फुटांचं 'ग्रेट ईस्टर्न' १८५८ सालीच पाण्यात उतरलं होतं, तेव्हा पुढच्या मोठ्या जहाजाला ८०० फूट देणं हा साधा अंदाज. १८७९ मध्ये 'ॲरिझोना' ही प्रवासी आगबोट हिमनगावर नाक आपटून कशीबशी वाचली होती. आणि बोटींची तूट कायद्यातच होती: ब्रिटिश नियमांचा तक्ता १०,००० टनांवर थांबत होता, त्यापुढच्या कुठल्याही जहाजाला १६ बोटी पुरेशा धरल्या जात. टायटॅनिकवर चार जास्तच होत्या, तरी जागा फक्त ११७८ माणसांना. या कायद्यावर कादंबरीत टोमणा आहे, आणि पुस्तकातली खरी धारदार जागा तीच.

वाचनाचं म्हणाल तर कथा बेताची. जहाज लवकर बुडतं. मग नायक हिमनगावर ध्रुवीय अस्वलाशी झुंजतो आणि पुढे बरीच पानं विम्याच्या भानगडीत जातात. एका रविवारी संपेल. ज्यांना भाकिताचाच विषय खोदायचा आहे त्यांनी मार्टिन गार्डनरनं संपादित केलेलं 'द रेक ऑफ द टायटॅनिक फोरटोल्ड?' शोधावं. त्यात ही कादंबरी आणि तिच्यासारखं इतर लेखन शंकेखोर टिपणांसह आहे. आकड्यांची वरची चाचणी त्यालाही लावा. अप्पा बळवंत चौकात हे विचारत फिरण्यापेक्षा ऑनलाइन मागवणं सोपं. चौकातला भर पाठ्यपुस्तकांवर आणि मराठीवर.

जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर कोव्हिडचं भाकीत म्हणून गाजलेलं डीन कुंट्झचं 'द आइज ऑफ डार्कनेस' दिसलं तरी सावध राहा. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत कथेतल्या जीवघेण्या जंतूचं नाव 'गोर्की-४००' होतं. 'वुहान-४००' आलं ते १९८९ च्या आवृत्तीत. २०२० मध्ये त्यासोबत फिरलेलं, 'न्यूमोनियासारखा आजार' सांगणारं पान तर या पुस्तकातलं नव्हेच, ते स्वतःला भविष्यवेत्ती म्हणवणाऱ्या सिल्व्हिया ब्राउनच्या २००८ च्या पुस्तकातलं. कुंट्झच्या जंतूला लक्षणं दाखवायला चार तास पुरतात आणि त्यातून जवळजवळ कोणीच जगत नाही, म्हणजे कोव्हिडशी मेळ गावाच्या नावापुरता. त्या नावासाठी विक्रेता जास्त सांगत असेल तर साध्या थरारकथेच्या भावानंच घ्या, नाहीतर पुढच्या ठेल्यावर चला.