‘मला यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

गिटारचे जुने, अस्सल समजून घेतलेले दोन पिकअप (तारांचं कंपन टिपून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग) बनावट निघाले आणि ६४,५०० रुपये गेले. आधी २०,००० टोकन, मग कुरिअरच्या आदल्या रात्री ४४,५००. दोन्ही यूपीआयने.

विकणारा माणूस म्हणाला, “वडिलांच्या जुन्या गिटारचे दोन पिकअप आहेत, कुठले ते ठाऊक नाही, तुम्हीच ओळखा.” हाच सापळा होता. फोटोत खालच्या पत्र्यावर स्टिकर होतं : पेटंट नंबर 2,737,842. मी उडालोच. साठच्या दशकात गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने हंबकरवर (गुणगुण कमी करणारा दोन कॉइलचा पिकअप) हा नंबर छापला, पण तो गिटारवादक लेस पॉल यांच्या ब्रिज-टेलपीसच्या, म्हणजे गिटारवर तारा अडकवायच्या भागाच्या, पेटंटचा. गिब्सनचे इंजिनिअर सेथ लव्हर यांच्या हंबकरचा खरा नंबर 2,896,491, मंजुरी १९५९ची. मला वाटलं, बनावट करणारा ‘बरोबर’ नंबर छापेल, हा चुकीचा म्हणजे अस्सलच! अरे, स्टिकर कोणीही छापतो. सुटी स्टिकरं विकतही मिळतात.

तिसऱ्या फोटोत काळ्या प्लास्टिकच्या वायरीतून चार रंगीत तारा बाहेर आलेल्या दिसत होत्या. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता! त्या काळच्या पिकअपला एकच तार आणि भोवती धातूची विणलेली जाळी असते. तिथेच थांबायला हवं होतं. पण कॉइल स्प्लिटसाठी (दोनपैकी एकच कॉइल वाजवता यावी म्हणून) लोक जुन्या पिकअपची वायर बदलून घेतात, हेही खोटं नाही. तसंच असेल, असं मी धरून चाललो. वीस वर्षं गिटार वाजवणारा कोणीही हेच धरून चालला असता.

घरी मल्टिमीटरवर रेझिस्टन्स ७.८ आणि ८.१ किलोओहम, म्हणजे अस्सलसारखाच, आला तेव्हा तर मी खूशच झालो. रेझिस्टन्सवरून पिकअप ओळखू नका. हजारभर रुपयांचा पिकअपही तेवढाच दाखवतो. दुरुस्तीवाल्या काकांनी कव्हरचं सोल्डरिंग सोडवलं, तर आत काळं सिरॅमिक मॅग्नेट. अस्सलमध्ये करडं, धातूचं अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं मॅग्नेट) असतं. कव्हर उघडलेला फोटो मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या.

पोलिस चौकीत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा अर्जात ‘पिकअप गाडी’ लिहिलं गेलं, ते खोडायला तासभर. दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा म्हणे, “वस्तू मिळाली ना? मग दिवाणी दावा लावा.” दगड पाठवला असता तरी ‘वस्तू मिळाली’च म्हणणार का? बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी नऊ दिवस त्या माणसालाच मेसेज करत बसलो आणि दहाव्या दिवशी त्याने नंबर बंद केला.

अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.