न छापलेला लेख आणि तो ‘सोडवण्याचं शुल्क’

छापून न आलेल्या लेखाचे हक्क परत द्यायला कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. माझ्याकडे मागितले होते.

लेख गोव्यातल्या खाजन शेतीवरचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून केलेल्या शेतीवरचा. दिवाडीच्या बाजूला बांधावरून फिरून, मानशेकारांशी, म्हणजे बांधातली मानस (पाण्याचं दार) सांभाळणाऱ्यांशी बोलून लिहिलेला. भरतीचं पाणी चढलं की मानशीचं लाकडी दार आपसूक कसं मिटतं, ओहोटीला कसं उघडतं, कोरगुट भात खारं पाणी कसं सोसतं, असं सगळं त्यात होतं. एका मासिकाने तो दिवाळी अंकासाठी घेतला. “ताई, तुमचा लेख म्हणजे अंकाची शान!” पाठोपाठ सहीसाठी छापील स्वीकृतीपत्र आलं. त्यात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढंच. मुदत नाही, मानधनाचा आकडा नाही. मानधन म्हणे अंक निघाल्यावर.

अंक निघाला, लेख नव्हता. “जाहिराती वाढल्या हो, पुढच्या वर्षी नक्की.” पुढच्या दिवाळीलाही तेच. मग दुसऱ्या एका संपादकांनी लेख मागितला, म्हणून मी पहिल्या मासिकाला रीतसर कळवलं. त्यावर मेल: हक्क कायमचे आमचे, सोडवायचे तर पाच हजार भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई. पैसे एका खासगी यूपीआयवर, पावती नाही. शिगम्यातली सोंगं परवडली!

कॉपीराइट कायदा 1957 चा. आपण पगारी नोकर नसलो तर लेखाचा पहिला मालक लेखकच, नोंदणी केलेली नसली तरी. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 प्रमाणे सहीनिशी लेखी करार लागतो आणि कोणते हक्क, किती काळ, कुठे, किती मोबदल्यात हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणजे ‘कायमचे’ ही निव्वळ थाप. त्याहून कामाचं पोटकलम 4: हक्क घेणाऱ्याने 1 वर्षात ते वापरलेच नाहीत, तर हस्तांतरण संपलं असं मानलं जातं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच, हे मात्र ध्यानात ठेवा.

मी स्वीकृतीपत्राची प्रत जोडून, तारीख आणि कलम घालून पत्र टपालाने पाठवलं आणि पोचपावती जपून ठेवली. मेलही केला. धमक्या थांबल्या, उत्तर आलं नाही, लेख दुसरीकडे छापून आला. मानधनही मिळालं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने मात्र घाबरून पैसे भरले होते. ते काही परत आले नाहीत.

परवा डिचोलीच्या एका मैत्रिणीने त्याच मासिकाच्या नव्या स्वीकृतीपत्राचा फोटो पाठवला. खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढलेली: ‘प्रकाशनास कालमर्यादा नाही, कलम 19(4) लागू होणार नाही.’ माझ्या पत्रातून एवढं शिकले म्हणायचे! तिला म्हटलं, ती ओळ खोडून, शेजारी दोघांच्या सह्या होणार असतील तरच लेख दे.