गोरिला बघण्याआधीची सुई: मुंबईतल्या सरकारी केंद्राला साडेचार तारे

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायचे, तर आधी पिवळ्या तापाची लस. ई-व्हिसाच्या अर्जालाच पासपोर्ट आणि फोटोसोबत लशीचा दाखला जोडावा लागतो. आमचा टूरवाला म्हणाला, "काकू, ते शेवटच्या आठवड्यात बघू." बघू काय? दाखला लागू होतो तोच लस घेतल्यावर दहा दिवसांनी! मग मीच ह्यांना घेऊन डोंबिवलीहून निघाले.

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आधी नाव नोंदवून ठरलेल्या दिवशीच जायचं. रांगेतला एक तरुण त्यावरून कुरकुरत होता. सिस्टरांनी त्याला शांतपणे सांगितलं, की एका बाटलीत अनेकांचे डोस असतात आणि एकदा मिसळली की सहा तासांत संपवावी लागते. एकट्यादुकट्यासाठी फोडली तर उरलेली फेकायची. तो गप्प बसला.

खरे गुण डॉक्टरीणबाईंना. सुई टोचून मोकळ्या झाल्या नाहीत. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का, स्टेरॉइड चालू आहेत का, थायमस ग्रंथीचा काही आजार होता का, सगळं विचारलं. ह्यांची साठी उलटलेली. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, आणि या वयात ती पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो, असं स्पष्ट सांगून त्यांनी विचारलं, "काका, जायलाच हवं का?" हे म्हणाले, "गोरिलांना शब्द दिलाय." बाई हसल्या, पण बीपी तपासूनच पुढे सरकल्या. खासगीत इतका वेळ कोण देतं हो?

लस टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. तेवढ्यात दाखल्याचं पिवळं पुस्तक हातात येतं. पासपोर्ट नंबर, बॅच नंबर, सही आणि शिक्का तिथेच तपासून घ्या. पूर्वी हा दाखला दहा वर्षं चालायचा, 2016 पासून जन्मभर चालतो. परतताना आपल्या विमानतळावरही तो मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही कडकाई मला पटते. हा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, आपला डेंग्यूवालाच, घरोघरी आहे.

अर्धा तारा कापला तो बसायच्या जागेसाठी. पंखा एक, तोही कोपऱ्यात, आणि प्यायचं पाणी नाही. मलेरियाच्या गोळ्याही इथे मिळत नाहीत. त्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिल्या: डॉक्सिसायक्लिन, परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची.

जाताना मूळ पासपोर्ट न्या, नुसती झेरॉक्स नको. चालू औषधांची चिठ्ठी आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि उपाशीपोटी जाऊ नका.