लहान आतड्याचा लिम्फोमा: ऑपरेशनविना, आर-चॉपच्या सहा सायकलनंतरचा अनुभव

लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, आणि आर-चॉप म्हणजे रिटुक्सिमॅब, केमोची तीन औषधं आणि स्टेरॉइड मिळून दिला जाणारा उपचार. मिरजेत त्याच्या सहाही सायकल (फेऱ्या) झाल्या, शेवटचा पेट-सिटी (कॅन्सर कुठे सक्रिय आहे ते दाखवणारं स्कॅन) स्वच्छ आला. लिम्फोमाचा प्रकार डिफ्यूज लार्ज बी-सेल, गाठ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. औषधांनी काम चोख केलं, पण निम्मं श्रेय सुरुवातीच्या बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचं आहे.

पोटदुखी, बारीक ताप, उतरलेलं वजन आणि सिटीत जाड झालेलं आतडं दिसलं की आपल्याकडे आधी टीबीचा संशय येतो. संशय रास्तच आहे. मात्र तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या चालू केल्या तर महिने फुकट जातात. आधीच स्टेरॉइड दिलं तर त्याहून वाईट: गाठ तात्पुरती आक्रसते आणि बायोप्सीत निदान हुकतं. शेवटच्या भागातली गाठ कोलोनोस्कोपीने गाठता येते, मधल्या आतड्याला डबल बलून एन्टेरोस्कोपी (फुग्यांच्या आधाराने आत सरकणारी लांब दुर्बीण) लागते. आतडं अरुंद असेल तर कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळू नका. ती अडकली तर टाळलेलं ऑपरेशन करावं लागू शकतं. तुकडे सहा-आठ तरी हवेत, आणि सगळे फॉर्मॅलिनमध्ये नकोत. टीबीच्या कल्चरसाठी एक-दोन साध्या सलाईनमध्ये वेगळे ठेवायला सांगा. आयएचसीत (तुकड्यातल्या पेशींवरची प्रथिनं ओळखणारी तपासणी) सीडी20 हे प्रथिन पॉझिटिव्ह असेल तरच रिटुक्सिमॅब. तुकड्यांचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून फाइलीत ठेवाव्यात, दुसऱ्या मताला त्याच लागतात.

केमोआधी हृदयाचा इको आणि हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, सोडू नका. रिटुक्सिमॅबने दबलेली कावीळ उसळते.

सायकल 21 दिवसांची. रिटुक्सिमॅब शरीराच्या दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम. पहिला डोस सावकाश, ताशी 50 मिलिग्रॅमपासून, कारण थंडी वाजणं आणि बीपी उतरणं तेव्हाच होतं. भारतात 2007 पासून त्याचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं) मिळतं, खर्चात मोठा फरक पडतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 100 मिलिग्रॅम पाच दिवस, सकाळी खाऊन. मधुमेह असेल तर साखर रोज तपासा. लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते, म्हणून सुईपाशी आग झाली की लगेच सिस्टरना सांगा.

खरा धोका पहिल्या सायकलमध्ये. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार असेल तर ती विरघळताना भोक पडू शकतं, आणि स्टेरॉइडमुळे पोट कडक झाल्याचं लक्षण झाकलं जातं. ऑपरेशन नको असलं तरी रात्री सर्जन हजर असणारं हॉस्पिटलच निवडा. जत-आटपाडीकडच्यांनी तेवढे दिवस मिरज-सांगलीतच राहावं, असं माझं ठाम मत आहे. विनक्रिस्टीन या केमोच्या औषधाने शौचाला घट्ट होतं, त्यानेही पोट दुखतं; लॅक्ट्युलोज (पोट साफ करणारं औषध) पहिल्या दिवसापासून द्यायचं का ते विचारा. अरुंद आतड्यात इसबगोल मात्र नको.

सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की क्रोसिन देऊन वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी. अँटिबायोटिक तासाभरात लागलं पाहिजे. या काळात रसवंतीचा रस आणि नीट न धुतलेली द्राक्षं बंद.

महात्मा जोतिराव फुले योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. बायोप्सी रिपोर्ट हाती येताच आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) गाठा.

शेवटचा पेट-सिटी केमो संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. डोव्हिल स्कोअर (पेट-सिटीत गाठ किती सक्रिय दिसते याचे 1 ते 5 गुण) 1 ते 3 म्हणजे साधारणपणे रोग निवळला. नंतरही जेवणानंतर कळा, पोट फुगणं आणि उलट्या सुरू झाल्या तर रोग परतला असंच धरू नका. बरी झालेली जखम आकसून आतडं अरुंद झालेलं असू शकतं, आणि ते कधी कधी एन्डोस्कोपीतून बलूनने रुंद करता येतं.