२००८ची जर्मन सेडान, दारातला गुलमोहर आणि माझे अकरा महिने

आधी हिशेब सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा आहे ते मोकळे होतील. सव्वाचार लाखाला घेतलेल्या गाडीवर अकरा महिन्यांत १ लाख ५१ हजार रुपये घातले. त्यात ४८ हजारांचे चार टायर आले. हत्यारांचा खर्च वेगळा, तो घरात अजून पूर्ण सांगितलेला नाही. गाडी चालली साडेसात हजार किलोमीटर. शेजारी विचारतात, "परवडते का?" नाही परवडत. पण यातले साडेअठरा हजार निव्वळ माझ्या मूर्खपणाचे आहेत आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

गाडी २००८ची, तीन लिटरची सहा सिलिंडर डिझेल, ऑटोमॅटिक, चारही चाकांना स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की गप्पा नावावरच घसरतात. पुण्याच्या एका डॉक्टरांची होती, दसऱ्याच्या आधी आणली. नंबर एमएच १२च राहिला, मालकी फक्त साताऱ्याच्या आरटीओत माझ्या नावावर झाली. एवढी जुनी गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी आरसी बुकावरची मुदत बघावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते आणि एप्रिल २०२२मध्ये कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली होती. माझ्या गाडीचं ते काम डॉक्टरांनीच २०२३मध्ये केलं होतं. त्यानंतर टायर. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. माझ्या टायरवर १४ने संपणारा आकडा होता. नक्षी झकास, रबर मात्र शेंगदाण्याच्या टरफलासारखं तडकलेलं.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. जमिनीखालच्या केबलमधला फॉल्ट मोजून शोधायचा आणि तेवढंच उकरायचं, यात ३१ वर्षं गेली. त्यामुळे ही गाडी मला झेपेल असा माज होता. साताऱ्यात गादीला मान आहे, असल्या गाडीला मिस्त्री नाही. कंपनीचं अधिकृत वर्कशॉप पुण्यात, मध्ये खंबाटकीचा बोगदा, आणि तिथे नुसतं कॉम्प्युटर लावून बघायचे जे पैसे सांगितले त्यात माझी दुचाकी वर्षभर चालते. म्हणून दारातच सुरुवात केली.

पहिला धडा चाकानेच दिला. या गाडीत हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या चकतीवर, बाहेर आलेले स्टड नसतात, चाक उचलून धरायचं आणि बोल्ट आत फिरवायचा. साठीच्या माणसाने वीस-पंचवीस किलोचं चाक मांडीवर घेऊन भोकाला भोक जुळवायचं म्हणजे काय ते एकदा करून बघा. उपाय सोपा आहे. त्याच आट्याचा लांब बोल्ट घेऊन डोकं कापायचं, तो हबमध्ये हाताने बसवायचा आणि चाक त्याच्यावर टांगायचं. एमआयडीसीत लेथवाल्याने चहाच्या पैशात करून दिला. माझ्या सगळ्या हत्यारांत तो तुकडा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडका.

दुसरं, जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नका. हवेच्या सस्पेन्शनच्या गाडीत तर नाहीच, कारण हवा सुटली की गाडी न सांगता खाली येते. दोन बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावायच्या, गाडी हाताने हलवून बघायची, मगच डोकं आत.

आता सस्पेन्शनकडे येतो. डिसेंबरातल्या एका सकाळी बायको रांगोळी काढायला बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, तुमची गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसलीय!" पुढचा डावा कोपरा पार टेकला होता. गाडी चालू केल्यावर फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला आणि मिनिटाभरात गाडी उठली. इथे बहुतेक जण म्हणतात, उठतेय ना, मग चालवू. तसं करू नका. फुगा गळतो म्हणून कॉम्प्रेसर जास्त पळतो, तापतो, त्याच्या रिलेचे, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात आणि मग तो गाडी बंद असतानाही थांबत नाही. फुग्याच्या खर्चात कॉम्प्रेसरचा खर्च मिळवला की आकडा दुप्पट.

गळती शोधायला गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा स्कॅनर लागत नाही. भांडी घासायच्या साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घ्या आणि गाडी सगळ्यात उंच पातळीवर ठेवून मारा. खाली असताना रबराच्या घड्या मिटलेल्या असतात, चीर दिसत नाही. माझ्याकडे खालच्या घडीतून बारीक फेस फुलून आला. फुगा ३४ हजारांना, जी कंपनी मुळात हा भाग बनवून गाडीच्या कारखान्याला पुरवते तिच्याच डब्यातला. पुण्यात नाना पेठेत पार्ट नंबर सांगून मागवला. नंबर जुन्या पार्टवरच कोरलेला असतो, तो पुसून फोटो काढून ठेवा. "अमुक गाडीचा फुगा द्या" म्हणालात तर चुकीचा येण्याची खात्री समजा. फुगे काढून साध्या स्प्रिंगा टाकायचा सल्ला मला चौघांनी दिला. स्वस्त पडतं हे खरं. पण मग ही गाडी घेतलीच कशाला?

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप. त्याचं निदान यवतेश्वरच्या घाटाने केलं. थंडीत गाडी लिटरला हायवेवर तेराच्या जागी अकरा देऊ लागली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बरोबर मधोमध, त्यामुळे तिकडे संशयच जाईना. या काट्याचं एक गुपित आहे. अशा बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम शांत ठेवलेला असतो, आत दहा-पंधरा अंश खालीवर झाले तरी मालक घाबरू नये म्हणून जागचा हलत नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर खरा आकडा लावला आणि कासच्या रस्त्याने निघालो. घाट चढताना ८८. कासपर्यंत ठीक. परत उतरताना ७४, ६८, पॉवर हाऊसच्या आसपास ६३. उतारावर इंजिनाला काम नसतं, तेव्हा थर्मोस्टॅटने मिटून उष्णता आत धरायला हवी. हा उघडाच अडकला होता. इंजिन कायम थंड, म्हणून डिझेल जास्त पीत होतं. थर्मोस्टॅट आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) मिळून साडेनऊ हजार. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड पाणीच घ्या, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. आणि टाकीचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका, पाणी दाबाखाली असतं.

इंजिन ऑइल साडेआठ लिटर लागतं. फिल्टर वरूनच निघतो आणि जुनं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढता येतं. सोपं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. ब्रेक ऑइल मात्र लोक विसरतात. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५पर्यंत येऊ शकतो. सज्जनगडावरून उतरताना सारखा ब्रेकवर पाय असेल तर हा फरक पायाला कळतो. दोन वर्षांनी बदलावं. मी खाली नळी धरून, बायको सीटवर. "दाब. धर. सोड." चाळीस मिनिटांनी ती म्हणाली, "लग्नानंतर इतकं ऐकून पहिल्यांदाच घेतेय तुमचं."

आता ते साडेअठरा हजार. जुलैत गाडी सकाळी मेलेली. बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर. रिमोटमध्ये लपवलेली साधी चावी असते ती निघाली म्हणून उघडलं. चार्ज केली, चालू झाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं.

"सायेब, आल्टरनेटर गेला बघा."

"मीटर लावला का?"

"मीटर कशाला, आवाजावरनं कळतंय की."

मी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर निर्दोष. इथपर्यंत मी शहाणा होतो. मग मीच ठरवलं की बॅटरी जुनी असणार आणि न तपासता नवी ९५ अँपिअर-अवरची घेतली, १८,५०० रुपयांना. चौथ्या दिवशी नवीही उतरून ११.८ व्होल्टवर. चोर सोडून संन्याशाला सुळी! जन्मभर पोरांना "आधी मोज, मग खण" शिकवलं आणि स्वतःच्या दारात आंधळा खड्डा खणला. जुनी बॅटरी आता जावयाच्या गोठ्यावर दिवे लावते, म्हणजे ती ठणठणीतच होती.

मग रीतसर बसलो. बंद गाडी किती करंट पिते ते मोजायची पद्धत, कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्या मध्ये मीटर दहा अँपिअरवर जोडायचा. डिकी उघडी लागते, पण गाडीला ती बंद आहे असं वाटायला हवं, म्हणून कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून मिटवायची. रिमोट घरात लांब ठेवायचा. मग चहा प्यायचा. गाडीतले कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, लगेच झोपत नाहीत, अर्धा-पाऊण तास लागतो. सगळे झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा यायला हवा. माझा ६०० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला चौदा अँपिअर-अवर, साडेतीन दिवसांत निम्मी बॅटरी साफ. वेळापत्रक तंतोतंत जुळलं.

पुढची पायरी लोक चुकतात. एकेक फ्यूज उपटून बघितला की परत बसवताना तो कंट्रोलर जागा होतो आणि सगळं मोजमाप बिघडतं. फ्यूज तसाच ठेवायचा. त्याच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावायचा. करंट वाहत नसेल तर शून्य. डिकीतल्या पेटीतल्या १० अँपिअरच्या एका फ्यूजवर मला पावणेचार मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आसपास. चोर सापडला.

त्या फ्यूजचा कंट्रोलर डिकीच्या डाव्या खिशात, कार्पेटखाली. कार्पेट उचललं तर खाली पाणी. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. पाणी आलं कुठून? सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून न्यायच्या बारीक नळ्या असतात आणि माझी गाडी उभी असते गुलमोहराखाली. गुलमोहराची पानं तांदळाच्या दाण्याएवढी, ती भिजून नळीत लगदा होऊन बसली. साताऱ्याचा पाऊस, तुंबलेली नळी, ओला कंट्रोलर, मेलेली बॅटरी. आणि मी बदललं काय, तर शेवटचं टोक. नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वापरली. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत नळी सांध्यातून निसटली तर छताचं कापड उतरवावं लागतं. कंट्रोलर उघडून स्पिरिटने धुतला, दोन दिवस वाळवला, पिना घासल्या. अजून चालतोय. आकडा ८० मिलिअँपिअरवर आला.

५०च्या खाली काही येईना. दोन संध्याकाळी आणखी घालवल्यावर लक्षात आलं की तो ब्लूटूथ स्कॅनर सॉकेटमध्येच राहिला होता. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला चावी काढली तरी वीज असते, त्यामुळे स्कॅनर रात्रंदिवस पितच असतो. काढला, ३४ मिलिअँपिअर. पुतण्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो, "काका, डॉक्टरच रक्त पीत होता म्हणा की."

स्कॅनरबद्दल विचारणारे बरेच आहेत म्हणून सांगतो. स्वस्तातला घ्याच, पण त्याला फक्त इंजिनाचं कळतं. एअरबॅग, एबीएस, सस्पेन्शन यांच्याशी तो बोलत नाही, त्यासाठी सगळ्या यंत्रणा वाचणारा महागडा लागतो. आणि कोड म्हणजे निदान नव्हे. "अमुक सेन्सरचा सिग्नल कमी" याचा अर्थ सेन्सर गेला असा नाही. वायर, पिन, उंदीर, काहीही असू शकतं. उंदरांवर तंबाखू, डांबरगोळ्या सगळं करून झालं, शेवटी रात्री बॉनेट अर्धवट उघडं ठेवणं आणि मांजर या दोनच गोष्टी लागू पडल्या.

गिअरबॉक्सला मी हात लावला नाही. ऑटोमॅटिकचं ऑइल ठरावीक तापमानालाच पातळी बघून भरावं लागतं, गाडी समतल उचललेली हवी, ते दाराशी जमत नाही. बाहेर २१ हजार दिले. "जन्मभर बदलायची गरज नाही" असं या ऑइलबद्दल ऐकलं होतं, निघालं ते मात्र काळंकुट्ट. जन्म कुणाचा मोजला होता कोण जाणे. आता दुसऱ्यातून तिसरा गिअर पडलेला कळत नाही.

कुणी घ्यावी? ज्याच्याकडे दुसरी रोजची गाडी आहे, छपराखाली जागा आहे आणि मीटर हातात धरायचा कंटाळा नाही, त्याने. ज्याला सोमवारी सकाळी कोरेगावला कामावर पोचायचंच आहे, त्याने नको. पण रात्री दहानंतर हायवेला लागून कराडच्या बाजूला जाताना हे इंजिन पंधराशे फेऱ्यांवर जे गुणगुणतं, ते नव्या गाडीत शोधायला गेलात तर आकड्यात एखादं शून्य तरी जास्त लागेल.

सध्याची स्थिती. चारही चाकांच्या वरच्या कमानीवर टेपचा तुकडा चिकटवलाय, तिथून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर रात्री आणि सकाळी मोजून वहीत लिहितो. रात्री हवा गार होऊन आकसते, त्यामुळे चारही कोपरे थोडे उतरतात, ते चालतं. काल रात्रीपासून आज सकाळपर्यंत तीन कोपरे दोन-दोन मिलिमीटर उतरले. मागचा उजवा नऊ. साबणाचं पाणी करून ठेवलंय, पाऊस उघडायची वाट बघतोय.